उत्तर आधी, की भांडण आधी?

शिरोळ तालुक्यातले जयसिंगपूर आधी कागदावर आखले गेले आणि मग जमिनीवर उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसवली, तेव्हा रस्ते सरळ ओढले, गल्ल्या काटकोनात ठेवल्या. आजही इथला माणूस पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो. शेजारचे उदगाव असे कुणी आखलेले नाही. पाण्याकडे, देवळाकडे, शिवाराकडे माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने गेली, तोच तिथला रस्ता झाला. दोन्हीकडे माणूस घरी पोचतोच. फरक एवढाच, की जयसिंगपुरात नवखा पाहुणा नंबर वाचत नीट जातो, आणि जुन्या गावात त्याला कुणाला तरी विचारावे लागते.

जगातल्या कायद्याच्या दोन मोठ्या परंपरांमध्ये असाच फरक आहे. एक आखलेली, दुसरी चालून चालून पडलेली. फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल, जपान, ब्राझील हे देश पहिलीचे. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बहुतांशी आपण दुसरीचे. पहिलीला इंग्रजीत सिव्हिल लॉ म्हणतात. त्याचा आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांशी संबंध नाही, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी इथे पहिलीला संहितेची परंपरा आणि दुसरीला, म्हणजे कॉमन लॉला, निवाड्यांची परंपरा म्हणू.

या दोहोंतला फरक सहसा असा सांगितला जातो, की एकीत कायदा लिहिलेला असतो आणि दुसरीत तो न्यायाधीशांच्या निकालांतून घडतो. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. भारतात लिखित कायद्यांची वाण नाही. फौजदारी, करार, पुरावा, मालमत्ता, सगळ्यांची कलमे छापलेली आहेत. उलट फ्रान्समध्येही न्यायालयांच्या निकालांचे खंडच्या खंड वकिलांच्या कपाटात असतात. मग खरा फरक कशात आहे? माझ्या मते तो क्रमात आहे. संहितेला भांडण होण्याआधी उत्तर द्यायचे असते. निवाड्यांच्या परंपरेत भांडण आधी उभे राहते आणि उत्तर त्याच्या मागून येते. न्यायाधीशाचा मान, वकिलाचे काम, नोटरीचा अधिकार, सामान्य माणसाची वाट पाहणे, हे बाकीचे फरक या एका फरकातून निघतात. तो नीट कळला, तर आपल्या घरातल्या वाटणीच्या प्रश्नाकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू.

संहितेच्या परंपरेचे मूळ रोममध्ये आहे. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५२९ ते ५३४ या काळात रोमन कायदा एकत्र करवला. पाचशे वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात त्या ग्रंथांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, आणि युरोपभरचे विद्यार्थी तो कायदा शिकून आपापल्या देशी गेले. म्हणजे ही परंपरा वाढली ती ग्रंथ, अध्यापक आणि भाष्यकार यांच्या हातून. तिला आजचे रूप दिले १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने, जिला आपण नेपोलियनची संहिता म्हणतो. राज्यक्रांतीच्या आधी फ्रान्समधली वरिष्ठ न्यायालये निकालाच्या निमित्ताने सर्वांना लागू होणारे नियमच करीत, राजाच्या सुधारणाही अडवीत, आणि तिथली न्यायाधीशपदे विकत मिळत. लोकांना त्यांचा वीट आला होता. म्हणून संहितेच्या पाचव्या कलमाने न्यायाधीशांना बजावले, की समोरच्या वादाचा निकाल द्या, सगळ्यांसाठी नियम करू नका. त्याच्याच आधीच्या, चौथ्या कलमाने सांगितले, की कायदा गप्प आहे किंवा संदिग्ध आहे या सबबीवर निकाल टाळाल तर तुमच्यावरच कारवाई होईल. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की या परंपरेचा स्वभाव उमगतो. उत्तर ग्रंथात आहेच, असा तिचा विश्वास असतो. न्यायाधीशाने ते शोधून काढायचे असते.

इंग्लंडची वाट निराळी. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्री राजाने आपले न्यायाधीश परगण्या-परगण्यांतून फिरवायला सुरुवात केली. जागोजागच्या चालीरीती वेगळ्या होत्या. हे न्यायाधीश वाद ऐकत, निकाल देत, आणि वेस्टमिन्स्टरला परत आल्यावर एकमेकांचे निकाल ताडून पाहत. त्यातून साऱ्या राज्याला सामाईक असे नियम घडत गेले. पुढे तत्त्व पक्के झाले, की सारख्या वादाचा निकाल सारखा लागला पाहिजे, म्हणून वरच्या न्यायालयाचा जुना निवाडा खालच्याला बंधनकारक. तिथे नियम कुणी एकाने बसून लिहिला नाही. एकेका माणसाचे दुःख, एकेका शेताचा बांध, एकेका व्यापाऱ्याचा करार न्यायालयापुढे आला आणि प्रत्येकातून नियमाचा एकेक तुकडा मिळाला.

कोर्टातले दृश्यही यामुळे बदलते. संहितेच्या अनेक देशांत न्यायाधीश स्वतः चौकशी चालवतो, साक्षीदाराला बहुतेक प्रश्न तोच विचारतो. आपल्याकडे उलटतपासणी वकील घेतात, न्यायाधीश ऐकतो, आणि युक्तिवादाच्या शेवटी विचारतो, ‘यावर रुलिंग आहे का?’ कलम काय म्हणते हे तर पाहायचेच. पण उच्च न्यायालयाने किंवा सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ काय लावला, यावर दाव्याचे पारडे फिरते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४१ ने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक केला आहे. शिरोळ तालुक्यातल्या बांधाच्या वादालाही तो लागू होतो.

ही तुलना करायला लिस्बनला किंवा पॅरिसला जावे लागत नाही. कोल्हापूर, आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा असे करत गेले, की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना सोयरीक आहे, देवदेवस्की आहे, भाषांची सरमिसळ आहे. पण त्या रेषेवर नवरा-बायकोच्या मालकीचा कायदा बदलतो.

पोर्तुगालची नागरी संहिता आंतोनियु लुईश द सेआब्रा या कायदेपंडिताने रचली आणि १ जुलै १८६७ रोजी ती मंजूर झाली. अडीच हजारांहून अधिक कलमांची ही संहिता १८६९ च्या हुकुमाने सागरापारच्या प्रांतांना लागू झाली आणि १८७० पासून गोव्यात अमलात आली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये संसदेने गोव्याच्या कारभारासाठी कायदा केला आणि तिथले चालू कायदे, ते बदलले जाईपर्यंत, कायम ठेवले. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता केली. गोव्यात जुनीच चालू राहिली. पुढे गोवा विधानसभेने वारसा, विशेष नोटरी आणि वाटणीची प्रक्रिया यांचा स्वतःचा कायदा केला. तो २०१२ चा, आणि २०१६ च्या अखेरीस लागू झाला. चौकट मात्र बरीचशी तीच राहिली.

ती चौकट काय आहे? गोव्यात दोघांनी लग्न केले आणि लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर दोघांची आधीची आणि नंतरची मालमत्ता साधारणपणे सामाईक होते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. नवऱ्याला घर विकायचे असेल, तर बायकोची संमती लागते. बापाने मृत्युपत्र केले, तरी मुले असताना तो आपल्या वाट्याच्या अर्ध्याचीच विल्हेवाट लावू शकतो. उरलेला अर्धा कायद्यानेच मुलांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी, मोजदाद आणि वाटणी यांची ठरलेली प्रक्रिया आहे. वारस कोण, हे विशेष नोटरीपुढच्या दस्ताने ठरू शकते. हा नोटरी आपल्याकडच्यासारखा नुसता प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारा नसतो. ते सरकारी पद आहे आणि त्याने केलेल्या दस्ताला वजन असते. लग्नाच्या दिवशीच गोव्यातली मुलगी सांगू शकते, की या घरात माझे काय आहे. त्यासाठी तिला कुणाशी भांडावे लागत नाही.

आता हद्दीच्या अलीकडे या. शिरोळ तालुक्यातले एक घर मनात धरा. वडिलोपार्जित उसाची जमीन, दोन मुलगे, एक मुलगी. मुलीचा जन्म १९७० चा, लग्न १९९० चे, वडील २००१ मध्ये वारले. हे घर काल्पनिक आहे, पण अशी घरे इथे कितीतरी आहेत. प्रश्न असा, की भावांप्रमाणे तिलाही त्या जमिनीत जन्माने हक्क आहे का? वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात तिला वारसहिस्सा होताच, पण तो लहान. भावांच्या बरोबरीचा वाटा हा खरा मुद्दा.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि मुलींना सहदायकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्माने, हक्क दिला, पण ती दुरुस्ती लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे आपल्या या काल्पनिक घरातल्या मुलीला तो मिळाला नाही. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली. तिने सहावे कलम बदलले आणि मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद असल्याचे सांगितले. लग्नाची अट गेली. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या रीतसर वाटण्या तेवढ्या सुरक्षित राहिल्या. वाचणाऱ्याला वाटेल, प्रश्न सुटला.

सुटला नाही. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले, की जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ या तारखेला किंवा तिच्यानंतर जन्मलेल्या मुलींना. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते मत मान्य केले नाही आणि त्या तारखेला हयात असलेल्या मुलींना हक्क आहे, असे ठरवले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की मुलीबरोबर तिचे वडीलही त्या तारखेला हयात असले पाहिजेत. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने कर्नाटकातल्या एका दाव्यात, वडील २००१ मध्येच वारलेले असूनही, मुलींना वाटा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी न्या. अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ‘विनीता शर्मा’ निकालात सांगितले, की हक्क जन्माने आहे, तेव्हा वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात होते की नव्हते हा प्रश्नच गैरलागू आहे.

कलम एकच होते. त्यातला शब्दही बदलला नाही. पण पंधरा वर्षे त्याचा अर्थ कधी पुढे सरकला, कधी मागे. या काळात तालुक्याच्या रजिस्ट्रार कचेरीत किती बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर सह्या केल्या असतील! काहींनी माहेर तुटू नये म्हणून, मनापासून. काहींना सांगितले गेले, की तुझा तसाही हक्क नाही, कागद पुरा करण्यापुरती सही दे. त्या दिवशी हे सांगणे कदाचित प्रामाणिकही असेल, कारण त्या वर्षीचे रुलिंग तसे होते. तलाठ्याने फेरफार धरला, सातबाऱ्यावरून नाव कमी झाले. पुढे निवाडा फिरला, पण केलेली सही जागेवरच राहिली. उत्तर भांडणाच्या मागून येते, याची किंमत कोण मोजतो, ते इथे दिसते. ज्याला थांबणे परवडते त्याला उत्तर मिळते. जिला परवडत नाही ती आधीच तडजोड करून बसलेली असते.

म्हणून संहिता चांगली आणि निवाडे वाईट, असा निष्कर्ष काढायचा का? तो घाईचा होईल, आणि गोव्याचाच दाखला त्याच्या आड येतो. १८८० मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींचा एक हुकूम काढला. त्यात पहिल्या बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली. ज्या गोव्याकडे समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून बोट दाखवले जाते, तिथल्या कागदावर हे कलमही होते आणि ते दीर्घकाळ टिकले. लिहिलेले उत्तर आपोआप बदलत नाही. ज्या विधिमंडळाने ते लिहिले ते जागे नसेल, किंवा लिस्बनसारखे निघूनच गेले असेल, तर जुने उत्तर नव्या माणसांच्या माथी बसते. संहितेची ही खोट मोठी आहे.

निवाड्यांचे बळही खरे आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली, आणि वर्षभराने दिल्लीतल्या एका कारखान्यातून ओलियम वायू सुटला. तेव्हा अशा नुकसानीच्या जबाबदारीबद्दल न्यायालयांपुढे जो नियम होता तो १८६८ चा, इंग्लंडमधल्या एका पाण्याच्या तळ्याच्या दाव्यातून आलेला. त्याला बरेच अपवाद होते. कारखानदाराला त्यांतून निसटायला वाट मिळे. सरन्यायाधीश प्र. न. भगवती यांच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये म्हटले, की धोकादायक उद्योगाला यातला एकही अपवाद मिळणार नाही, जबाबदारी संपूर्ण राहील, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. संसदेने असा कायदा केला नव्हता. एका दाव्याने तो घडवला. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वरच्या अंगाचे दूषित पाणी या तालुक्याने वर्षानुवर्षे सोसले आहे. ज्या दुःखाची कल्पना कायदा लिहिणाऱ्याला आली नव्हती, त्याला दाद कशी मिळते, हे इथल्या लोकांना वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणजे प्रत्येक परंपरेचे बळ जिथे आहे, तिथेच तिची खोट आहे. आधी दिलेले उत्तर माणसाला निर्धास्त करते, पण ते शिळे होऊ शकते. मागून आलेले उत्तर समोरच्या दुःखाला नेमके बसते, पण तोवर माणूस अंधारात असतो. जगातल्या बहुतेक शहाण्या देशांनी हे ओळखले आहे आणि दोन्ही परंपरा एकमेकींकडे सरकल्या आहेत. दुसऱ्याचे नुकसान ज्याच्या चुकीने झाले त्याने ते भरून द्यावे, एवढा आशय फ्रेंच संहितेत एका वाक्यात आहे. पण मोटार अपघातांच्या युगात त्या संहितेचा अर्थ तिथल्या न्यायालयांनीच विस्तारला.

आपल्याकडे तर हे मिश्रण दीडशे वर्षांहून जुने आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली १८३० च्या दशकात पहिल्या विधी आयोगाने दंडसंहितेचा मसुदा केला आणि १८६० मध्ये ती कायदा झाली. इंग्लंडने स्वतःसाठी जी संहिता कधी केली नाही, ती इथे केली. पण करणारे निवाड्यांच्या परंपरेतले होते, म्हणून त्यांनी कलमांखाली उदाहरणे घातली: अमुकाने तमुकाला असे केले, तर हा गुन्हा होतो, तसे केले तर होत नाही. जणू अजून न घडलेल्या खटल्यांचे निवाडे त्यांनी कायद्यातच लिहून ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे ३०२ कलम १०३ झाले, फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ आले. पण उदाहरणे राहिली, आणि जिथे शब्द तेच आहेत तिथे जुनी रुलिंग आजही दाखवली जातात. संहिता बदलली तरी निवाडे पुढे चालत राहतात.

याही आधीची एक वाट आपली स्वतःची होती. अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणी येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क, हा विचार त्या टीकेतून आपल्याकडे पक्का झाला. २००५ च्या कलमातला ‘जन्माने’ हा शब्द त्याच घराण्यातला. विज्ञानेश्वर न्यायाधीश नव्हता. तो भाष्यकार होता, आणि त्या अर्थाने तो रोम आणि बोलोन्याच्या पंडितांच्या पंक्तीत बसतो. इंग्रज आले तेव्हा त्यांच्यापुढे हा ग्रंथही होता आणि जातीजातींच्या चालीही होत्या. एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या नियमांनी क्रम लावून दिला: आधी सरकारी कायदा, तो नसेल तर त्या भागाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्‌विवेक. दख्खनातल्या जातींच्या चालीरीती विचारून विचारून आर्थर स्टीलने त्यांचा ग्रंथही त्याच सुमारास तयार केला. सुरुवातीला न्यायाधीश शास्त्र्यांना प्रश्न विचारीत. १८६४ मध्ये कोर्टांतली पंडितांची पदे संपली, आणि १८६८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिली न्यायालयाने, सांगितले, की वहिवाट स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती ग्रंथाच्या वचनावर मात करते. तिथून पुढे शास्त्र्याची जागा रुलिंगने घेतली. जो अर्थ भाष्यकार पिढी-दर-पिढी पुन्हा लावू शकत होता, तो एकदा निवाड्यात गेला की तिथेच थिजला. मुलीच्या हक्कासाठी विसाव्या शतकात विधिमंडळांना जे करावे लागले, त्याचे एक कारण हे थिजणे आहे.

दोन परंपरा आज एकाच छताखाली कशा नांदतात, हे पाहायचे तर मुंबई उच्च न्यायालयाकडे पाहावे. १९८२ पासून त्याची कक्षा गोव्यावर आहे आणि पणजीजवळ पर्वरीला त्याचे खंडपीठ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, वकिलांच्या अनेक दशकांच्या मागणीनंतर, कोल्हापूरला त्याचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. सिंधुदुर्गातल्या बांद्याचा वाद कोल्हापूरला येतो, पलीकडच्या पेडण्याचा पर्वरीला जातो. न्यायालय एकच, पण एका ठिकाणी वारशाचा प्रश्न मिताक्षरेच्या वंशातल्या कायद्याने सुटतो आणि दुसऱ्या ठिकाणी रोमच्या वंशातल्या.

या मिश्रणाचा सर्वांत बोलका निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी दिला. मूळचा गोव्याचा एक गृहस्थ, त्याची मालमत्ता मुंबईत, आणि मृत्युपत्राने ती त्याने एकाच मुलीला दिलेली. गोव्याचा कायदा लावला तर अर्धी मालमत्ता सगळ्या मुलांसाठी राखीव. महाराष्ट्रात लागणारा वारसा कायदा लावला तर मृत्युपत्र पुरते खरे. न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने ठरवले, की पोर्तुगीज संहिता गोव्यात चालू आहे ती भारताच्या संसदेने चालू ठेवली म्हणून. तेव्हा ती भारतीय कायदाच आहे, आणि गोव्याच्या अधिवासी माणसाच्या भारतातल्या कुठल्याही मालमत्तेला ती लागते. १८६७ च्या संहितेत या प्रश्नाचे उत्तर असणे शक्यच नव्हते. स्वतंत्र भारत तिच्या कल्पनेत नव्हता. उत्तर निवाड्याने दिले, आणि अनुच्छेद १४१ मुळे ते आता पुढच्या प्रत्येक घराला आधीच ठाऊक आहे. निवाड्याचे काम इथे पुरे झाले: एका घराचे भांडण सोसून त्याने बाकीच्यांचे भांडण वाचवले.

माझ्या मते दोन्ही परंपरांची परीक्षा याच कसोटीवर करावी. उत्तर कुणी दिले यापेक्षा ते माणसाच्या हाती सही करण्याआधी पोचले का, हे पाहावे. संहिता लिहिली, पण ती तालुक्यातल्या बाईला माहीतच नसेल, तर तिच्यापुरती ती नाही. रुलिंग आले, पण ते वकिलाच्या कपाटातच राहिले, तर तेही तिच्यापुरते आले नाही.

या कसोटीवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली विधिमंडळाची. २०१२ मध्ये सहाव्या कलमाचा एक अर्थ लागला आणि २०१४ मध्ये दुसरा, तेव्हाच संसदेने एक वाक्य घातले असते, की वडील हयात असणे आवश्यक नाही, किंवा आवश्यक आहे, तरी हजारो घरांची अनिश्चितता संपली असती. न्यायालयांत मतभेद दिसला की कायदा करणाऱ्यांनी बोलले पाहिजे. संहितेच्या परंपरेकडून घ्यायचा हा पहिला धडा.

दुसरी प्रशासनाची. महाराष्ट्रात वारसदाखल्यासाठी आजही अनेकदा दिवाणी कोर्टात १८२७ च्या मुंबई नियमाखाली अर्ज करावा लागतो, मग ज्या घरात कुणाचे कुणाशी भांडण नाही तेही कोर्टाची तारीख घेऊन बसते. गोव्याच्या विशेष नोटरीसारखी, जबाबदारीने बांधलेली, जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणारी व्यवस्था आपल्या दुय्यम निबंधकांकडे उभारता येईल. आणि हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी बहिणीला, भाऊ समोर नसताना, तिचा हिस्सा किती होतो हे मराठीत वाचून दाखवणे सक्तीचे करता येईल. तिला हक्क सोडायचाच असेल तर तिने जरूर सोडावा. पण काय सोडते आहे ते जाणून.

तिसरी आपली, घरातल्या माणसांची. आपण निवाड्यांच्या परंपरेत राहतो, म्हणून आपल्या घराची संहिता आपणच लिहिली पाहिजे. वाटणी तोंडी ठेवू नये, ती नोंदवावी. मृत्युपत्र करायला म्हातारपण किंवा आजार येण्याची वाट पाहू नये. नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचे कष्ट असतील, तर तिचे नाव आजच लावावे. गोव्यात कायदा जे लग्नाच्या दिवशी करतो, ते आपल्याकडे माणसाला स्वतः करता येते आणि त्याला कुणाची हरकत नाही. लेकीच्या लग्नात आपण पत्रिका, मानपान, मांडव या सगळ्याचा विचार महिनोन्‌महिने करतो. त्याच महिन्यांत एक दुपार वकिलाकडे बसून, या मुलीचे दोन्ही घरांत काय आहे, हे लिहून काढावे. न्यायालय दार उघडे ठेवून बसलेलेच आहे, आणि कठीण प्रसंगी त्याच्याकडे जायला लाजू नये. पण ज्या प्रश्नाचे उत्तर आज, भावा-बहिणीचे बोलणे चालू असताना, एका कागदावर मावते, ते उद्याच्या दाव्यावर सोपवणे हा आपल्याच माणसांवरचा अन्याय आहे.